दोन भाव सांगणारा माणूस

विल्फ्रेड ऑकेंडन उभ्या उभ्या स्वप्नं बघायचा. लंडनच्या शेअरबाजाराची जुनी इमारत होती, सभासद तिला नुसतं 'घर' म्हणत. त्या घरात उत्तरेकडच्या एका संगमरवरी खांबाला पाठ टेकून, हात मागे बांधून तो उभा असायचा आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी वर घुमटाकडे बघायचा. हिवाळ्यात घुमटाच्या काचांमधून उजेड यायचा तो ताकासारखा, पांढुरका आणि पातळ. खाली काळ्या कोटांची गर्दी, भावांची विचारणा, थट्टामस्करी, कुणाच्या तरी हॅटवर फेकलेला कागदाचा बोळा. त्या सगळ्याची मिळून एक गाज तयार व्हायची. विल्फ्रेड त्या गाजेवर तरंगत राहायचा. बाजारात प्रत्येकाला टोपणनाव होतं, तसं त्याला 'चांदोबा' पडलं होतं.

"चांदोबा, जागा आहेस का?" येणारा दलाल विचारायचा.

"भाव विचार, मग कळेल," विल्फ्रेड डोळे न उघडता म्हणायचा.

आणि भाव मात्र तो चोख सांगायचा.

त्याचं काम नेमकं काय, हे त्याच्या सासरच्या माणसांना कधीच नीट कळलं नाही. लग्नानंतर पहिल्याच रविवारी, भाजलेलं मटण आणि बटाटे वाढता वाढता बायकोच्या मॉड मावशीनं त्याला धरलं. मावशीचं लुइशॅममध्ये लोकरीचं दुकान होतं, त्यामुळे धंद्याचं तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तू करतोस तरी काय रे दिवसभर?"

"शेअर घेतो नि विकतो, मावशी. पेढीच्या पैशानं. मी जॉबर आहे."

"म्हणजे माझ्या दुकानासारखंच की."

"तसंच. फक्त माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला यायची बंदी आहे."

मावशीनं वाढणं थांबवलं. "आणि मग धंदा?"

"गिऱ्हाईक दलालाकडे जातं. दलाल हा गिऱ्हाइकाचा माणूस. तो माझ्याकडे येतो नि म्हणतो, अमक्याचा भाव काय? घ्यायचेत की विकायचेत, ते सांगत नाही. मी दोन भाव सांगतो. एका भावानं मी घेईन, दुसऱ्यानं देईन. मग तो म्हणतो 'घेतले' नाहीतर 'दिले'. शब्द गेला की सौदा झाला. गिऱ्हाईक त्याला दलाली देतं, आणि मला दोन भावांतला फरक सुटतो. सुटला तर."

"सुटला तर म्हणजे?"

"दुपारी भाव कोसळला तर सगळा माल माझ्या गळ्यात."

"हं." मावशीनं रस्सा वाढला. "पण तो सांगत नाही म्हणून काय झालं? माणूस दारातून आत आला की मला कळतं, लोकर घ्यायला आलाय की परत करायला. तोंडावर लिहिलेलं असतं."

"तेच तर सगळे करतात, मावशी. तोंड वाचतात."

"आणि तू?"

"मी घुमटाकडे बघतो."

एनिड, त्याची बायको, हसली. मावशी हसली नाही. हा मुलगा एनिडला सुखात ठेवेल की नाही, याची तिला तेव्हापासून जी शंका आली ती पुढे बरीच वर्षं टिकली.

पण विल्फ्रेडनं सांगितलं ते खरंच होतं. त्याला या धंद्यात ओढणारे थ्रसेल म्हातारे तोंड वाचण्यात वाकबगार होते. दलालाच्या बुटांची टोकं कुठे वळलीत यावरूनही ते ओळखायचे, आणि समोरचा घेणारा आहे असं वाटलं की दोन्ही भाव हळूच वर सरकवायचे. त्यात बेकायदा काही नव्हतं, हुशारीच होती ती. विल्फ्रेडला मात्र त्या न सांगण्यातच गोडी वाटायची. समोरच्याला काय हवंय ते ठाऊक नसताना भाव सांगायचा, तर तो खराच सांगावा लागतो. जास्त सांगितला आणि तो विकणारा निघाला तर आपण फसलो, कमी सांगितला आणि तो घेणारा निघाला तरी आपणच फसलो. अंधारात दोन्ही हात पुढे करून चालावं, तसं ते होतं.

थ्रसेलांच्या पेढीकडे चहा-रबराच्या मळ्यांचे शेअर होते आणि उरलेली अडगळ होती. कुठल्या तरी डोंगराळ देशातली एक चिमुकली रेल्वे, दोन-तीन गावांचे गॅसचे कारखाने आणि सॉल्टमिअर नावाच्या गावातला एक धक्का. उन्हाळ्यात फिरायला येणाऱ्यांसाठी समुद्रात दूरवर बांधत नेलेला लाकडी धक्का, टोकाला नाचगाण्याचा दिवाणखाना. त्याचीही कंपनी होती आणि तिचेही शेअर होते. बाजारात त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. विल्फ्रेडकडे थोडे असत, आणि पलीकडच्या कोपऱ्यात प्लाउमन नावाच्या जॉबरकडे थोडे.

विचारायचा तो एकच दलाल, बॅसिल क्वेनेल. उंच, वाकलेला, सदा सर्दी झालेला माणूस. तो वर्षातून दोनदा यायचा, एकदा वसंतात आणि एकदा पानगळीत.

"धक्का काय म्हणतोय, चांदोबा?"

विल्फ्रेड दोन भाव सांगायचा. बॅसिल नाक पुसून म्हणायचा, "घेतले," आणि थोडेसे शेअर घेऊन जायचा. कधी कधी तो आधी प्लाउमनकडे भाव विचारून आलेला असायचा, ते त्याच्या तोंडावर दिसायचं. पण विल्फ्रेड तोंडाकडे बघत नव्हता.

एकदा न राहवून विल्फ्रेडनं विचारलं, "कुणासाठी घेतोस रे हे?"

"ते तुला सांगायचं नसतं, आणि तू विचारायचं नसतं."

"ठाऊक आहे. म्हणूनच हळू विचारतोय."

बॅसिलनं इकडेतिकडे पाहिलं. "एक बाई आहे. मिस केरिज. तिथेच राहते, सॉल्टमिअरला. झालं?"

तेवढं पुरलं. पुढच्या काही वर्षांत बॅसिलच्या तोंडून आणखी एक-दोन तुकडे पडले. बाई एकटी आहे, तिच्याकडे पोपट आहे, पत्र नेहमी हिरव्या शाईत असतं. त्या तुकड्यांवर विल्फ्रेडनं अख्खं गाव बांधलं. सकाळी धुक्यातून लंडन ब्रिज ओलांडताना खालची नदी दिसायची नाही, नुसता ओला आवाज यायचा, आणि त्या आवाजात सॉल्टमिअर वसायचं. उतरती पांढरी घरं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी एक सडपातळ, राखाडी कपड्यांतली बाई, खिडकीत पोपटाचा पिंजरा. संध्याकाळी धक्क्यावर दिवे लागायचे आणि ती टोकापर्यंत चालत जायची, एकेक फळी जणू तिची असल्यासारखी. एकदा त्याला स्वप्न पडलं की ती बाजारातच आली आहे, हातात छत्री घेऊन. परका माणूस आत शिरला की बाजारात 'चौदाशे' असा पुकारा होई आणि त्याला हुसकावून लावत. स्वप्नात सगळे चौदाशे, चौदाशे म्हणत होते आणि ती शांतपणे खांबांमधून चालत होती. विल्फ्रेडला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून फक्त दोन भाव निघत होते.

एनिडला हे सगळं ठाऊक होतं. तो तिच्यापासून काही लपवायचा नाही. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार चालला होता, तेव्हा ती म्हणाली, "या वर्षी तुझ्या त्या सॉल्टमिअरलाच जाऊ या की."

"नको."

"का? भीती वाटते का तिची?"

"भीती कसली. पण आम्ही जॉबर लोक... आमचं तिकडे काम नसतं."

"सुट्टीवर असताना तू जॉबर नसतोस, विल्फ. सुट्टीवर तू माझा नवरा असतोस."

तरी त्या वर्षी ते बोर्नमथलाच गेले. त्याच्याही पुढच्या वर्षी.

मध्ये वर्षं गेली. थ्रसेल म्हातारे गेले, जुनं घर पाडलं, त्याच जागी काचेचा उंच मनोरा उभा राहिला. नव्या इमारतीत संगमरवरी खांब नव्हते, षटकोनी ठेले होते, आणि डोक्यावर घुमटाऐवजी सपाट छतातून सारखाच पडणारा दिव्यांचा उजेड. विल्फ्रेडला पाठ कुठे टेकावी ते बरेच दिवस कळेना. बॅसिल आणखी वाकला. धक्क्याचे शेअर तेवढे तसेच राहिले, कुणाला नको असलेले.

मग एका जानेवारीत पूर्व किनाऱ्यावर मोठं वादळ झालं. सकाळच्या वर्तमानपत्रात फोटो होता. सॉल्टमिअरचा धक्का मधोमध तुटला होता, टोकाचा दिवाणखाना समुद्रात एकटाच उभा होता, बेटासारखा. विल्फ्रेड तो फोटो बघत पूल ओलांडून आला. ठेल्यावर पोचतो तोच दोन दलाल आले आणि धक्क्याचे शेअर विकून गेले. त्यानं भाव उतरवला. तिसरा आला. त्यानं आणखी उतरवला.

आणि मग बॅसिल आला. आज तो नाक पुसत नव्हता.

"धक्का काय म्हणतोय?"

विल्फ्रेडच्या मनात एकदम सगळं गाव उभं राहिलं. राखाडी बाई खिडकीत बसली आहे, समोर तुटका धक्का, आणि ती हिरव्या शाईत लिहिते आहे की जे मिळेल ते घेऊन विकून टाका. आयुष्यभराची पुंजी तिची. विल्फ्रेडच्या जिभेवर वेगळेच भाव आले, एकवीस आणि तेवीस पेन्स. खरा भाव त्याहून कितीतरी खाली होता. पण पेढीनं थोडं सोसलं असतं. कुणाला कळलं नसतं, एका एकट्या बाईवर केलेली ती लहानशी दया.

बॅसिल वाट बघत उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघावं असं विल्फ्रेडला आयुष्यात पहिल्यांदाच तीव्रतेनं वाटलं. त्यानं मान वर केली. घुमट नव्हता. सपाट पांढऱ्या छताकडे बघत तो म्हणाला, "चौदा, सोळा."

"घेतले," बॅसिल म्हणाला. "सोळानं. तुझ्याकडचे सगळे."

विल्फ्रेडनं मान खाली केली. "घेतले?"

"सगळे. पत्र आलंय आज. पक्कं आहे." बॅसिल लिहून घेत होता. "काय झालं रे?"

"काही नाही."

तो ठेल्याच्या मागे गेला आणि उगाच काहीतरी शोधत राहिला. दया केली असती तर ती तिलाच महाग पडली असती. तेवीसनं घ्यावे लागले असते तिला. संध्याकाळी त्यानं एनिडला सगळं सांगितलं. एनिड बटाटे सोलत होती.

"म्हणजे तुला ती ओळखताच आली नाही," ती म्हणाली.

"नाही आली."

"तरी भाव बरोबर सांगितलास."

"तेच तर," विल्फ्रेड म्हणाला, आणि सोललेले बटाटे पाण्यात टाकायला लागला.

नंतरची वर्षं कशी गेली ते त्याला पुढे नीटसं आठवायचं नाही. आठवायचा तो एकदम ऑक्टोबर, एकोणीसशे शहाऐंशीचा. त्या महिन्यापासून जुना नियम गेला. दलाल आणि जॉबर वेगळे असायची गरज उरली नाही, एकाच पेढीनं दोन्ही व्हावं अशी मोकळीक झाली. एका बड्या बँकेनं आधीच थ्रसेलांची पेढी घेतली होती, बॅसिलचीही घेतली होती. बॅसिल निवृत्त होऊन राय नावाच्या गावी राहायला गेला, गुलाब लावायला. विल्फ्रेडला त्याच मनोऱ्यात चौथ्या मजल्यावर एक टेबल मिळालं, टेबलावर हिरव्या अक्षरांचा संगणकाचा पडदा आणि दोन टेलिफोन. खाली बाजाराची मोठी खोली महिन्या-दोन महिन्यांत ओस पडली. सगळे पडद्यांसमोर जाऊन बसले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत विल्फ्रेड कधी कधी खाली जाऊन उभा राहायचा. रिकामे ठेले, आणि झाडणाऱ्या माणसाच्या कुंच्याचा आवाज. तो आवाज थोडा लांबून ऐकला तर अजूनही गाजेसारखा वाटायचा.

त्याच्या विभागाचा प्रमुख होता स्टोल. वय तिशीचं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सँडविच. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा, एवढंच.

"एक समजून घ्या, ऑकेंडन," त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "आता गिऱ्हाईक थेट आपल्याकडे येणार. दलाली शून्य. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आहे ते. माल आपल्याच साठ्यातून द्यायचा, आपल्याच साठ्यात घ्यायचा."

"मग आपल्याला काय सुटतं?"

"ते भावातच असतं. तुमच्यासारख्या जॉबरला मी सांगायला हवं का?"

"पण मग गिऱ्हाइकाला वाटेल की फुकट आहे."

"पावतीवर छापलेलं असतं, की आम्ही स्वतः घेणारे आहोत म्हणून. कायद्यानं छापतोच आपण. बारीक असतं, पण असतं."

नाताळ उलटून गेल्यावर स्टोल एकदा त्याच्या टेबलाच्या कडेला टेकला. "तुमच्याकडे तो एक धक्का आहे ना? सॉल्टमिअर? वरच्या मजल्यावर एक मोठं गिऱ्हाईक आलंय. सगळे शेअर हवेत त्यांना. जमीन हवी आहे, खरं तर. अजून बोभाटा नाही. कुणी विकायला आलं तर आजच्या भावानं घेत चला, शांतपणे."

"आणि त्यांना कितीला द्यायचे?"

स्टोलनं आकडा सांगितला. विल्फ्रेड पडद्याकडे बघत राहिला. तिथं धक्क्याचा भाव जुनाच लुकलुकत होता, त्या आकड्याच्या पावपटही नव्हता.

फोन आला तो दोन-तीन दिवसांनी. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि काचेवर विरघळत होतं. फोनवर बाईचा आवाज होता, जाड आणि खणखणीत, मासळीच्या लिलावात बोली पुकारावी तसा.

"क्वेनेलची जागा ती हीच का? मी केरिज बोलतेय, सॉल्टमिअरहून. माझे धक्क्याचे शेअर आहेत. ते विकायचेत."

विल्फ्रेडला क्षणभर वाटलं, दुसरीच कुणी केरिज असेल. मग मागे पोपट ओरडला.

"बोला," तो म्हणाला. "मी ऑकेंडन."

"ऑकेंडन? म्हणजे तो चांदोबा की काय? क्वेनेल सांगायचा तुमच्याबद्दल. म्हणायचा, भाव सांगताना छताकडे बघतो."

तिनं त्याच्याबद्दल ऐकलेलं असेल, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मिस केरिज, भाव सांगण्याआधी एक सांगायला हवं. क्वेनेल तुमचा माणूस होता. मी त्याच्या समोरचा माणूस होतो. आता मी क्वेनेलच्या जागी बसलोय, पण माणूस मी समोरचाच आहे. तुमचे शेअर ही पेढी स्वतः घेणार. जितके स्वस्त मिळतील तितकं पेढीचं भलं."

तारेवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग माझा माणूस कोण?"

"या इमारतीत कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली. "भाव सांगा."

त्यानं दोन्ही सांगितले, घ्यायचा आणि द्यायचा, जवळजवळ ठेवून.

ती हसली. "मी विकतेय म्हणून सांगितलं ना. दुसरा भाव कशाला?"

"सवय आहे."

"एक विचारते. माझ्या शेजारणीचा भाऊ म्हणतो, कुणीतरी धक्क्याची मोजमापं घेऊन गेलं. कुणाला हवाय का तो?"

विल्फ्रेडनं पडद्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईकही गिऱ्हाईकच होतं. त्याचं गुपित फोडायचा हक्क त्याला नव्हता, जसा तिला खोटं सांगायचा नव्हता.

"त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, मिस केरिज."

"नाही म्हणून देता येत नाही, की..."

"देता येत नाही."

पोपट मागे काहीतरी पुटपुटत होता. विल्फ्रेडनं आपोआप मान वर केली होती.

"मग आज राहू दे," मिस केरिज म्हणाली. "क्वेनेलचा घरचा पत्ता आहे माझ्याकडे. आभारी आहे, चांदोबा."

संध्याकाळी स्टोलनं त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, पण आवाज चढवला नाही.

"बाई विकायला आल्या होत्या. तुम्ही त्यांना परत पाठवलंत."

"मी भाव सांगितला. त्यांनी दिले नाहीत."

"टेपवर ऐकलं मी. सगळे फोन टेप होतात."

"मग तुम्ही ऐकलंच असेल, वरच्या गिऱ्हाइकाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही."

"गप्प बसलात," स्टोल म्हणाला. "तेच तर बोललात." त्यानं डोळे चोळले. "मला एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही मधला फरक घेतलात. तेव्हा कुणाला सांगत होतात का, की मला यात इतके सुटतात?"

"तेव्हा समोर तिचा माणूस उभा असायचा, मिस्टर स्टोल. त्याला पटलं नाही तर तो प्लाउमनकडे जायचा. आता ती एकटी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपण."

स्टोल बर्फाकडे बघत बसला. "माझ्या आईच्या पैशांचं बघायचं असतं तर मी तुमच्याकडेच पाठवलं असतं तिला," तो शेवटी म्हणाला. "पण विभाग चालवायला मला तुम्ही नकोत."

वसंत येण्याआधी विल्फ्रेड वेळेआधीच निवृत्त झाला. पेन्शन ठीक मिळालं, चांदीची एक तबकडी मिळाली. पूल ओलांडून घरी येताना त्याला वाईट वाटत नव्हतं. मळभ सरावं तसं हलकं वाटत होतं, आणि हे कसं, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

मे महिन्यात बॅसिलनं जेवायला बोलावलं. गुलाबांच्या वाफ्यातून फिरता फिरता त्यानं बातमी सांगितली. मिस केरिजनं त्याला फोन केला होता. तो म्हणाला होता, वाट बघा. एप्रिलमध्ये त्या बड्या गिऱ्हाइकाला उघड यावंच लागलं, सगळ्या भागधारकांना एकच चांगला भाव जाहीर करून.

"मग?" विल्फ्रेड थांबला. "तिनं दिले नसतील."

"दिले की. सगळे."

"सगळे?"

"तुला काय वाटलं? छप्पर गळतंय तिचं, गुडघे दुखतात. चांगला भाव आला, विकून मोकळी झाली."

विल्फ्रेड एका कळीकडे बघत राहिला. फोनवर ती 'आज राहू दे' म्हणाली तेव्हाच, ती आता धक्का कधी विकणार नाही, हे त्याच्या मनानं ठरवून टाकलं होतं. तिनं त्या मनाला विचारलंही नव्हतं.

"चांदोबा," बॅसिल नाक पुसत म्हणाला, "शेअर तिचे होते रे."

जूनमध्ये एनिडनं विचारलं नाही, तिकिटंच काढली. सॉल्टमिअर पांढरं नव्हतं, विटांचं होतं, लालसर आणि वाऱ्यानं खरवडलेलं. मिस केरिज रुंद खांद्यांची, उन्हानं रापलेली बाई निघाली. तिचं पाहुण्यांना राहायला द्यायचं घर होतं, त्यावर नव्या पत्र्यांचं छप्पर चमकत होतं. ऑर्गन तिनं आयुष्यात वाजवला नव्हता.

"सडपातळ?" चहा ओतता ओतता ती म्हणाली. विल्फ्रेडनं तिला सगळं सांगून टाकलं होतं, राखाडी कपड्यांसकट. "मी? अहो, जन्मले तेव्हापासून अशीच आहे मी."

"पण मग इतकी वर्षं घेत का होतात?" एनिडनं विचारलं. "वादळानंतरसुद्धा?"

मिस केरिज विचारात पडली. "माझे वडील म्हणायचे, जे खिडकीतून दिसतं त्यातलं थोडं थोडं घ्यावं. रोज डोळ्यांसमोर राहतं, कसं चाललंय ते कळतं. वादळात तुटला तेव्हा वाटलं, आता कुणीच घेणार नाही. कुणीतरी घ्यायला हवा." तिनं खांदे उडवले. "आणि स्वस्त होता."

पानगळीत धक्का पाडला. मिस केरिजनं त्यांना बोलावून घेतलं होतं. तराफ्यावरची क्रेन एकेक खांब उपटून काढत होती. हिरव्या शेवाळानं मढलेला, शिंपल्यांनी भरलेला लांबच लांब खांब पाण्यातून वर यायचा, थोडा वेळ हवेत लोंबकळायचा, त्यातून पाणी गळत राहायचं. तिघं किनाऱ्यावरून बघत होती. शेवटचा खांब निघाला तेव्हा समुद्र मिटून गेला, आणि डोळ्यांना कळेना की ती जागा नेमकी कुठली होती.

"रडायला येईल असं वाटलं होतं," मिस केरिज म्हणाली. "येत नाहीये."

"मला येतंय," विल्फ्रेड म्हणाला.

"ते दिसतंच आहे," एनिडनं त्याला रुमाल दिला.

पुढे ती दोघं दर उन्हाळ्यात सॉल्टमिअरला जाऊ लागली. खोलीचं भाडं मिस केरिज इतर पाहुण्यांसारखंच त्यांच्याकडूनही चोख घ्यायची. विकलेल्या शेअरांचे पैसे कशात घालावे असं तिनं विल्फ्रेडला एकदा विचारलं. तो म्हणाला, सल्ला देणं हे माझं काम कधीच नव्हतं, क्वेनेलला विचारा. तिनं विचारलंही.

सकाळी भरतीच्या वेळी दोघी बाया पोहायला जायच्या, त्या गार पाण्यात, गुडघ्यांना बरं म्हणून. विल्फ्रेडला पोहता येत नव्हतं. तो विजार पोटरीपर्यंत वर दुमडून उथळ पाण्यात उभा राहायचा, खांद्यावर दोन टॉवेल घेऊन. त्या बोलत बोलत दूर जायच्या. त्यांचं बोलणं आधी शब्दांसारखं ऐकू यायचं, मग नुसत्या आवाजासारखं, मग लाटांमध्ये मिसळून जायचं. पाण्यावर दोन टोप्या राहायच्या, एक निळी, एक पिवळी. त्या इतक्या लहान व्हायच्या की त्याला वाटायचं, आता दिसेनाशा होणार. मग केव्हातरी त्या वळायच्या, आणि तो टॉवेलांच्या घड्या उलगडायला लागायचा.